दोन रंगांचे नक्षीदार हातमोजे आकसतात का, आणि आपल्या विदर्भात ते विणावेत कशाला?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आर्णीकडच्या गावात राहता, एकरंगी स्वेटर, टोपरी, पायमोजे तुमच्या हातात बसलेले आहेत. नॉर्वेचे काळ्या-पांढऱ्या चांदणीचे हातमोजे फोटोत पाहिले, चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असे, आणि ते विणायचं मनाने घेतलं. तालुक्याच्या दुकानातून लोकर आणून दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा काम आकसलं, हात आत जाईना, नक्षीही धड उठेना. त्यात घरचे म्हणतात, "आपल्या इकडे कोठं बरफ पडते, कायले एवढी मगजमारी?" म्हणून तुम्ही विचारता की हे आपल्यासाठी आहे का, की सोडून द्यावं. जमलं तर विकता येतील का, हेही विचारलंय.

सोडू नका, एवढं आधी सांगते. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आकसण्याचा प्रश्न हाताचा आहे आणि तो नक्की सुटतो. 'कायले' हा प्रश्न मनाचा आहे. माझा अनुभव असा की हाताचा प्रश्न सुटला की मनाचा फारसा उरत नाही. धागा सुरळीत चालत नाही तोवर प्रत्येक टाका मोजावा लागतो, ग्राफवरून, म्हणजे नक्षीच्या चौकोनी आखणीच्या कागदावरून, बोट हलवता येत नाही, मागे धागा ओढला गेला की काय ही धास्ती असते. अशा वेळी कोणी 'कशाला' म्हटलं की आपल्यालाही ते पटायला लागतं. म्हणून हाताबद्दल जास्त लिहिते आहे, पण सुरुवात मनाच्या प्रश्नापासून करते.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. दिवाळी ते होळी आमच्या ओसरीवर विणकामाचा वर्ग भरतो आणि तिथे बऱ्याच जणी नेमक्या याच जागी अडताना पाहिल्या आहेत. तरी काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच बघाव्या लागतील. तुम्ही धागा कोणत्या हातात धरता, तुमचा हात घट्ट आहे की सैल, लोकर कोणती मिळते, संध्याकाळी लाईन टिकते का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. माझ्या हाताला जे मानवलं ते मी सांगते. त्यातलं तुमच्या हाताला न मानवणारं खुशाल सोडा.

थंडीचं म्हणाल, तर आपल्याकडे थंडी नाही हे बोलणं दुपारचं आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि उघड्या वावरात रात्री काय होतं ते हरभऱ्यावर जागलीला जाणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. ओलित करणाऱ्याला हे हातमोजे अडचणीचेच. फावडं धरायचं, दांडाचं पाणी फिरवायचं, तिथे बोटं मोकळी हवीत. पण रोही, डुक्कर राखत मचाणावर बसून राहणाऱ्याला अंगठ्याचा हातमोजा पाच बोटांच्या मोज्यापेक्षा जास्त ऊब देतो, कारण चारही बोटं एकमेकांच्या उबेत राहतात. दोन रंगांच्या कामात मागून दुसरा धागा जातो म्हणजे कापडाला आतून आणखी एक थर येतो, आणि त्या थरात हवा अडकते. वजनाने हलका आणि उबेला जाड, असा हा प्रकार आहे.

पण ताई, थंडीचं कारण पुढे करायची मुळात गरज नाही. आपल्याकडे रुखवतात मांडलेल्या लोकरीच्या तोरणाला, मण्यांच्या कलशाला कोणी 'कायले' विचारत नाही. मुलीच्या हातात काय आहे ते दहा माणसांनी पाहावं म्हणून ते मांडलेलं असतं. युरोपातल्या लाटव्हिया देशात, तिथल्या खेड्यांत अगदी हेच हातमोज्यांचं होतं. मुलगी लहानपणापासून विणून पेटी भरायची आणि लग्नात नवऱ्याकडच्या नातेवाइकांना त्यातले जोड द्यायची. मानपानात हातमोजा! तिथे हे अजून जिवंत आहे. २००६ साली तिथल्या राजधानीत, रीगाला, नाटोची परिषद भरली तेव्हा पाहुण्यांसाठी हाताने विणलेले सुमारे ४,५०० जोड तयार झाले होते.

तुम्ही पाहिलेली चांदणी नॉर्वेतल्या सेल्बू गावची. तिथे असं सांगतात की १८५७ साली मारित एमस्टाड नावाच्या सोळा वर्षांच्या आसपासच्या मुलीने आठ पाकळ्यांची ही नक्षी हातमोज्यावर विणली आणि बहिणींसोबत ते हातमोजे घालून ती चर्चला गेली. आठ पाकळ्यांची आकृती त्याआधीही कापडावर, लाकडावर होतीच. तिने ती दोन रंगांत, हातमोज्याच्या पाठीवर बसवली, आणि पुढे अख्ख्या गावाचा त्यावर व्यवसाय उभा राहिला. आपल्या देशातही दूर जायला नको. हिमाचलातल्या लाहौलच्या बाया रंगीत नक्षीचे मोजे आणि हातमोजे विणतात, त्यांना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे तुम्ही जे करायला बसलात ते खेड्यातल्या बायांचंच काम आहे, जनावरांचं, शेताचं, चुलीचं आटोपून केलेलं.

आता गोडीबद्दल.

हातमोजा लहान असतो. स्वेटरात नक्षी छातीवर येते आणि मग वीत-वीत एकरंगी विणत बसावं लागतं. हातमोज्यात साठेक टाक्यांचा घेर, आणि प्रत्येक फेरीत काहीतरी घडतं. पाठीवर मोठी चांदणी, तळहातावर बारीक दाणे, दोन्हींच्या मध्ये कडेला उभी पट्टी, अंगठ्यावर तळहाताच्याच नक्षीचा तुकडा. एका फेरीत तीन-चार लयी येतात. तळहातावर 'एक काळा, एक पांढरा' असं भरभर जातं, कडेच्या पट्टीशी हात जरा थांबतो, मग पाठीवर 'पाच पांढरे, दोन काळे, तीन पांढरे' असं लांब-लांब. मी मोठ्याने म्हणत नाही, पण मनात ते चाललेलं असतं.

पहिल्या काही फेऱ्या ग्राफ बघत जातात. मग एक वेळ अशी येते की खाली विणून झालेलं कामच पुढचं सांगायला लागतं. पाकळी दर फेरीला एका टाक्याने बाहेर सरकते आहे, म्हणजे आत्ता काळा एक टाका आधी सुरू होणार. दोन पाकळ्या जवळ येताहेत, म्हणजे मधला पांढरा आता तीनच उरणार. डोळा सुईवर, कागद मांडीवरून खाली पडलेला, आणि तरी हात चुकत नाही. मला या कामातलं सर्वांत मोठं सुख हेच वाटतं. सुंदर वस्तू हाती येते हा आनंद आहेच, पण नक्षी वाचता यायला लागते तो आनंद त्याच्याही वर आहे. आठ पाकळ्यांची चांदणी तर त्यासाठीच बनल्यासारखी आहे. ती डाव्या-उजव्या बाजूला सारखी, वर-खाली सारखी. अर्धी विणली की उरलेली अर्धी तुम्हाला आधीच पाठ असते, फक्त उलट्या क्रमाने.

याचा व्यवहारात फायदाही आहे. कागद वाचून विणणारीला चूक सहा फेऱ्यांनंतर कळते. काम वाचणारीला ती त्याच फेरीत कळते, कारण खालच्या फेरीशी काळा टाका जुळत नाही हे डोळ्याला लगेच टोचतं. वर्गात मी याच कारणासाठी मोजणी पाठ करू देत नाही. "खालचा टाका बघ, तो काय सांगतो" एवढंच म्हणते.

आता आकसण्याकडे. हे नीट समजून घ्या, कारण कारण कळलं की उपाय तुमचा तुम्हालाच सुचेल.

एका फेरीत दोन धागे चालतात. ज्याची पाळी नसते तो मागून आडवा जातो. पाच पांढरे टाके विणत असताना काळा धागा त्या पाच टाक्यांच्या रुंदीएवढा मागे पसरलेला असतो. सुलट टाक्याला वळण असतं म्हणून तो ताणला जातो. मागचा धागा सरळ असतो, त्याला ताण घेता येत नाही. तो तुम्ही जेवढा सोडलात तेवढंच कापड उघडणार. एकरंगी काम करणाऱ्या हाताला सवय असते ती प्रत्येक टाक्यानंतर धागा हलकेच ओढून बसवायची. तुम्ही इतकी वर्षं ज्या सवयीमुळे एकसारखं विणता, तीच इथे आड येते.

म्हणून रंग बदलण्याच्या क्षणी हे करा. नवा रंग घेण्याआधी उजव्या सुईवर नुकतेच विणलेले टाके बोटाने मागे सारून मोकळे पसरवा, जेवढे ते कापडात पसरतील तेवढे. मग नवा धागा मागून सैल आणून टाका विणा, आणि विणल्यावर ओढू नका. पहिला टाका ढिला दिसेल, तुमचा हात शिवशिवेल. असू द्या. पुढचे दोन-तीन टाके विणले की तो सावरतो, उरलेलं धुतल्यावर बसतं. टाके सुईवर एकमेकांना चिकटून गोळा झालेले असताना रंग बदलला, की मागचा धागा त्या गोळ्याच्या मापाचा होतो. माझ्या पाहण्यातलं आकसलेलं काम बहुतेक वेळा इथेच बिघडलेलं असतं.

चार सुयांवर विणताना कोपऱ्यात, म्हणजे एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथे, मागचा धागा तिरका आणि आखूड जातो. तुमच्या कामात उभ्या खोल रेघा पडल्या असतील तर त्या तिथल्याच. यावर एक उपाय फार चांगला आहे. काम आतलं बाहेर करा. नक्षीची सुलट बाजू नळीच्या आत, मागचे धागे बाहेर, आणि तुम्ही आत डोकावून पलीकडच्या कडेवर विणता आहात. सुलटच विणायचं, काहीच बदलत नाही. पण मागचा धागा आता नळीच्या बाहेरून वळसा घालून जातो, आणि बाहेरचा घेर आतल्यापेक्षा मोठा असल्यामुळे धागा आपोआप थोडा जास्त सुटतो. पहिल्या दिवशी विचित्र वाटतं. घट्ट हाताच्या बायांना मी पहिल्यापासून असंच बसवते.

आणि मापाचं. मला शंका आहे की टाके तुम्ही एकरंगी मोज्याच्या हिशेबाने घातले असावेत. त्याच लोकरीवर, त्याच सुयांवर नक्षीकाम बहुतेक जणींचं घट्ट येतं. सेल्बूच्या पद्धतीचं बारीक काम १० सेंटिमीटरात साधारण ३० टाके असं असतं. म्हणजे ६० टाक्यांचा घेर २० सेंटिमीटर. अंगठा सोडून बोटांच्या बुडाशी तळव्याचा घेर १९ सेंटिमीटर भरला तर हा हातमोजा अंगासरशी बसेल. आपल्या दुकानातल्या सुयांचा आकडा वाढला की सुई बारीक होते हे तुम्हाला माहीतच आहे. मनगटाची बॉर्डर १३ नंबरवर घालून नक्षी सुरू होताना १२ वर जा, आणि हात घट्ट असेल तर सरळ ११ वर.

नमुना विणून बघायचा तर सपाट तुकडा विणू नका. सपाटात एक ओळ उलट विणावी लागते आणि तिथे हाताचा ताण वेगळा असतो, त्यामुळे ते माप नळीला लागू पडत नाही. त्यापेक्षा मनगटपट्टी विणा. दोन-दोन सुलट-उलटची बॉर्डर, मध्ये बोटभर नक्षी, पुन्हा बॉर्डर. तीन संध्याकाळींचं काम, मापही कळतं आणि वस्तू वाया जात नाही. मघाशी म्हटलं ना, ओलित करणाऱ्याला बोटं मोकळी हवीत? ही पट्टी त्याच्यासाठी. घरातला 'कायले' म्हणणारा माणूस एकदा ती घालून पहाटे वावरात जाऊन आला की त्याचं तो बघेल.

मागचा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब जात असेल तर मध्ये एकदा त्याला चालू धाग्याखाली अडकवून घ्या. नाहीतर हात घालताना अंगठी, नख त्यात अडकतं. फक्त लागोपाठच्या फेऱ्यांत एकावर एक त्याच जागी अडकवू नका, पुढून तिथे रंगाची पुसट रेघ दिसते. जागा एक-दोन टाके पुढे-मागे करत जा. आणि नक्षी निवडतानाच लांब उड्यांची नक्षी टाळली तर हा प्रश्न निम्मा होतो. नवशिक्या हाताला तीन-चार टाक्यांपेक्षा मोठी उडी नसलेली नक्षी द्यावी असं माझं मत आहे, आणि चांदणी दुसऱ्या जोडीवर ठेवावी.

नक्षी उठत नाही याची कारणं दोन असू शकतात, फोटोशिवाय नेमकं सांगणं कठीण आहे.

एक कारण धाग्यांच्या जागेचं. मागून जाताना एक धागा नेहमी वर राहतो, एक खाली. जो खालून येतो त्याचे टाके जरासे मोठे पडतात आणि पुढून तो रंग उठून दिसतो. मग चांदणीचा रंग कायम खालून यायला हवा, आणि मध्येच अदलाबदल होता कामा नये. झाली तर कुठे-कुठे चांदणी ठळक आणि कुठे-कुठे पुसट दिसते, आणि आपल्याला वाटतं लोकर खराब आहे. मी चांदणीचा धागा डाव्या हातात आणि पार्श्वभूमीचा उजव्या हातात धरते; डाव्या हातातला आपसूकच खालून जातो. तुम्ही दोन्ही उजव्या हातात धरत असाल तरी चालेल, क्रम मात्र ठरवा आणि काम उचलताना दर वेळी तो बघून घ्या.

दुसरं कारण रंगांचं. लाल आणि हिरवा हातात वेगळे दिसतात, पण दोन्हींचा गडदपणा सारखा असेल तर विणल्यावर एकमेकांत मिसळतात. डाळिंबी आणि मेंदीच्या बाबतीत तर हे हमखास होतं. दोन्ही गुंड्या शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. दोन्ही सारख्याच राखाडी दिसल्या तर ती जोडी नक्षीला नको. सेल्बूचे काळे-पांढरे आजही जिंकतात ते याच कारणाने. आणि दोन गडद रंगांचं काम रात्री करू नका, डोळ्यांचे हाल होतात.

लोकरीचं थोडं स्पष्ट बोलते. तालुक्याच्या दुकानात मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक. शिकायला ती चालते, पण तिचे टाके निसरडे असतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. खऱ्या मेंढीच्या लोकरीला बारीक खवले असतात. धुतल्यावर, वापरल्यावर टाके एकमेकांना धरतात, मागचे धागे आत चिकटून बसतात, लहानसहान उंच-सखलपणा मिटतो. अॅक्रिलिक ही माफी देत नाही. त्यात जसा हात चालला तसाच कायम दिसतो, आणि गरम इस्त्री लावली तर काम मरून चपटं पडतं. म्हणून अॅक्रिलिकमध्ये धाग्यांची टोकं लांब ठेवून नीट ओवा, आणि सपाट दिसावं म्हणून इस्त्रीच्या वाट्याला जाऊ नका.

खरी लोकर ऑनलाइन मिळते, महाग पडते. माझा मार्ग जुन्या स्वेटरचा. कोणाकडे पेटीत जुनं शुद्ध लोकरीचं स्वेटर पडलेलं असतं, ते उसवायचं, लच्छी करून धुवायची, वाळवून गुंडी. शुद्ध आहे का ते बघायला एक धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. हिवाळ्यात नागपूरला तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार भरतो, तिथली बरीचशी तयार स्वेटरं कृत्रिम धाग्याची असतात, म्हणून उसवण्यासाठी तिथे घेऊ नका.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मला वर्गात नेहमी येतो, तो इथेच घेते. आपल्या मातीत कापूस पिकतो, घरात पऱ्हाटीच्या पाट्या येतात, मग कापसाच्या सुताचे हातमोजे का नाहीत? मलाही ते फार आवडलं असतं. पण सुताला लवचीकपणा नाही, त्यामुळे मागच्या धाग्यातला ताण जरासुद्धा झाकला जात नाही. आणि सूत ओलं झालं की ऊब जाते. चरख्यावरचं एकेरी सूत तर पिळाच्या जोरावर कापड तिरकं ओढतं. तुमच्याकडे सूत असेल तर त्याची दुहेरी-तिहेरी पीळ घालून मनगटपट्टी विणा, हातमोजा लोकरीचाच करा.

आणि ग्राफ. तुमच्या वयाच्या बाया शाळेत मॅटीवर फुल्यांच्या टाक्यांनी मोर, फुलं भरत आलेल्या असतात. त्या वह्या शोधा. तिथला प्रत्येक चौकोन इथे एक टाका. एकरंगी विणकामात टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, म्हणून भरतकामाची नक्षी बुटकी येते. दोन रंगांच्या घट्ट कामात तो चौकोनाच्या बराच जवळ जातो, त्यामुळे फरक कमी पडतो. ग्राफ खालून वर वाचायचा आणि गोल विणत असल्यामुळे प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे. मात्र लांब उड्या तपासा. भरतकामात मागच्या धाग्याची कोणी फिकीर करत नाही, इथे करावी लागते.

अंगठ्याची पुष्कळ जणींना भीती वाटते, आणि मला तोच भाग सर्वांत प्रिय आहे. अंगठ्याच्या जागी आलात की तळहातावरचे साधारण १३ टाके दुसऱ्याच एका रंगाच्या टाकाऊ धाग्याने विणा. ते टाके परत डाव्या सुईवर घ्या आणि आपल्या दोन रंगांत नक्षीप्रमाणे पुन्हा विणा, जणू मध्ये काही घडलंच नाही. असेच टोकापर्यंत जा. कडेच्या पट्टीच्या दोन्ही अंगांनी टाके घटवत टोक काढा. मग शेवटी तो टाकाऊ धागा हळूहळू ओढा. वर-खाली दोन्हीकडे मोकळे टाके उघडतात. ते सुयांवर घ्या, दोन्ही कोपऱ्यांतून एक-एक टाका जास्तीचा उचला म्हणजे भोक पडत नाही, आणि अंगठा विणा. तळहाताची नक्षी जिथे तुटली होती तिथूनच अंगठ्यावर सुरू करा. बरोबर जुळली तर हात सरळ ठेवल्यावर अंगठा तळहातात मिसळून जातो, कुठून निघाला ते शोधावं लागतं. हे पहिल्यांदा जुळतं तेव्हा बाया हातमोजा घालून काढून, घालून काढून बघत बसतात. दुसऱ्या हाताचा अंगठा विरुद्ध बाजूला येतो, तेवढं टाकाऊ धागा विणण्याआधी हात ठेवून बघून घ्या.

दुसरा हातमोजा कंटाळवाणा होतो असं म्हणणाऱ्या बाया मला भेटतात. मला तसं वाटत नाही. पहिला विणताना आपण शिकत असतो. दुसरा विणताना नक्षी तोंडपाठ असते, हात मोकळा असतो, शेजारणीशी बोलता-बोलता चांदणी पुरी होते. फक्त पहिला झाल्यावर मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका. हाताचा ताण बदलतो आणि जोडीतला एक मोठा, एक लहान होतो. शेतातल्या कामांचा अंदाज घेऊनच सुरुवात करा. वेचणी ऐन भरात असताना नको, त्या दिवसांत बोटं पऱ्हाटीच्या बोंडांनी खरचटलेली असतात आणि लोकर त्यात अडकते. एप्रिलनंतर घामेजल्या हाताला लोकर चिकटते, तेव्हा ग्राफ काढण्याचं काम करावं.

तर आत्ता तुमच्यासाठी क्रम असा: आधी मनगटपट्टी, काम आतलं बाहेर करून, १२ किंवा ११ नंबरवर, गडद आणि फिकट असे दोनच रंग, उड्या लहान. रंग बदलताना टाके पसरवणं हे एकच लक्षात ठेवा. ती मनगटावर सहज चढली की तेवढ्याच टाक्यांवर पहिला हातमोजा धरा. झाल्यावर कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, हाताच्या आकाराचा पुठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घाला आणि सावलीत वाळवा.

राहिलं विकण्याचं. विकता येतात, चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी हिवाळ्यात गिऱ्हाईक असतंही, पण एका जोडीला जेवढे तास लागतात त्यांची मजुरी लावली तर ती किंमत सांगताना तुमचीच जीभ अडखळेल, आणि मजुरी न लावता विकलं तर मन खट्टू होईल. मनगटपट्ट्या विका, त्या लवकर होतात आणि त्यांचं मोल लोकांना पटतं. चांदणीचे हातमोजे स्वतःसाठी आणि ज्याला द्यावंसं वाटतं त्याच्यासाठी ठेवा. हे माझं मत झालं. तुमच्या घरची गरज वेगळी असेल तर तुम्ही वेगळं ठरवाल आणि तेही योग्यच असेल.

पुढच्या वेळी फोटो टाकाल तेव्हा कामाच्या आतल्या बाजूचाही टाका, आणि तो उजेडात काढा. पुढून मला फक्त आकसलेलं दिसेल. कोणत्या सुईच्या कोपऱ्यात आणि कोणत्या रंगावर हात ओढतोय ते मागच्या धाग्यांवरून कळेल, मग नेमकं सांगता येईल.